आकडा, आकृती आणि मधला हात

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वार्षिक अहवालाची मुद्रिते वाचण्याचे काम माझ्याकडे आले होते. काम बिनपैशाचे आणि बिनकौतुकाचे. पण चहा वेळेवर मिळे आणि माणसे भली होती. अहवालाच्या एका पानावर दहा वर्षांच्या देणग्यांचा तक्ता होता व त्याच्या शेजारी त्याच आकड्यांचा आलेख. अखेरच्या आठवड्यात हिशेबनिसांना एक चूक सापडली. एका वर्षी एकच रक्कम दोनदा धरली गेली होती. तक्त्यातला आकडा दुरुस्त झाला, बेरीज बदलली, मी खूण केली आणि अहवाल छापून आला. वार्षिक सभेत तिसऱ्या रांगेतले एक निवृत्त शिक्षक उठले आणि त्यांनी शांतपणे विचारले, "तक्ता म्हणतो की त्या वर्षी देणग्या घटल्या, चित्र म्हणते की वाढल्या. आम्ही विश्वास कोणावर ठेवायचा?"

सभेत हशा पिकला. हिशेबनीस मात्र हसले नाहीत. तीस वर्षे चोख हिशेब ठेवणारा तो माणूस. त्याच्या वहीकडे लोक पुढे कितीतरी दिवस वेगळ्या नजरेने पाहत राहिले. खरे पाहता कोणीच खोटे बोलले नव्हते. आलेख दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या खोलीत, तीन आठवडे आधी काढला होता. आकडा बदलला तेव्हा ही बातमी आकृतीपर्यंत पोहोचवायला कोणी गेले नाही, इतकेच. आणि मुद्रिते वाचणारा मी! अक्षरे वाचली, अंक वाचले. चित्र वाचायचे असते हे माझ्या ध्यानातच आले नाही.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. आकडा आणि त्याचे चित्र ही एकाच आईची लेकरे. मग छापील पानावर येईपर्यंत त्यांची ताटातूट होते कशी? आणि ती टाळण्यासाठी आजवर कोणी काही केले की नाही? शोध घेऊ लागलो तेव्हा कळले की या एवढ्याशा प्रश्नामागे दोन शतकांहून मोठा इतिहास आहे, आणि तो चांगलाच रंजक आहे. फराळाचे ताट बाजूला न सारता तो ऐकता येईल अशा बेताने सांगतो.

इतिहासाची सुरुवात करावी लागते विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थापासून. हा १७५९ साली जन्मला. वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॉट याच्याकडे त्याने तरुणपणी नकाशे व आराखडे काढण्याचे काम केले. पुढे त्याने अनेक उद्योग आरंभले आणि त्यांतले बहुतेक बुडवले. परंतु १७८६ साली लंडनमध्ये त्याने व्यापार व राजकारणविषयक एक 'अ‍ॅटलास' प्रसिद्ध केला आणि त्या एका पुस्तकाने त्याचे नाव राहिले. अ‍ॅटलास म्हणावे तर आत एकाही देशाचा नकाशा नाही! होते ते ४४ आलेख. आडव्या रेषेवर वर्षे, उभ्या रेषेवर पौंड. आयातीची एक वळणदार रेघ, निर्यातीची दुसरी, आणि दोहोंमधल्या जागेत रंग. इंग्लंडला व्यापारात नफा होत आहे की तोटा, हे पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळावे अशी ही युक्ती. आज शाळकरी मूलही आलेखवहीवर जे काढते, ते व्यापाराच्या आकड्यांसाठी प्रथम मांडण्याचे श्रेय या माणसाला जाते.

पण आपला विषय आलेख छापण्याचा आहे. प्लेफेअरच्या काळी पुस्तकाचा मजकूर शिशाच्या खिळ्यांनी छापत. खिळ्याचे अक्षर उठावाचे. शाई लागते ती उंच भागाला. आलेख मात्र तांब्याच्या पत्र्यावर कोरीत. तिथे शाई बसते ती खोल गेलेल्या रेघेत, आणि ती कागदावर उतरवायला ओलसर कागद व रुळाचा जबरदस्त दाब लागतो. एक उंचावरचे, दुसरे खोलातले. एका यंत्रावर दोन्ही छापणे शक्य नव्हते. म्हणून मजकूर एका छापखान्यात, चित्रे दुसऱ्या कारागिराकडे, आणि बांधणीच्या वेळी चित्रांची पाने मध्ये घालायची. प्लेफेअरचे आकडे वहीतून आराखड्यात गेले, आराखड्यातून नक्षीकाराच्या हाताने उलटे होऊन तांब्यावर गेले, आणि छापल्यावर कोणीतरी बसून हाताने रंग भरले. प्रत्येक पायरीवर एक हात. कोरलेल्या पत्र्यावर एक आकडा बदलायचा म्हणजे तांबे घासून, ठोकून पुन्हा कोरायचे. तेव्हा चूक सापडली तरी ती सुधारण्याची इच्छा किती उरत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

जुन्या दिवाळी अंकांत रंगीत चित्रे वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून मध्ये घातलेली असत आणि घरातली मुले आधी तीच शोधत, हे ज्यांना आठवते त्यांना प्लेफेअरची अडचण चटकन समजेल. मजकूर आणि चित्र यांच्यामध्ये उभी राहिलेली ही भिंत बरीच जुनी आहे.

भिंत प्रथम पाडली ती दगडाने. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलोइस झेनेफेल्डर याने जर्मनीत शिळाछापाची युक्ती काढली. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहावे, दगड ओला करावा; पाणी जिथे बसते तिथे छपाईची शाई बसत नाही, आणि तेलकट रेघेवर नेमकी बसते. दगडाला अक्षर आणि चित्र सारखेच! आपल्याकडे गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले, ते याच कलेच्या बळावर. तिथींची कोष्टके नि रेघांच्या चौकटी एकाच दगडावर, एकाच शाईत. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दगडाने भिंत पाडली तरी हात गेला नाही. उलट तो वाढला. आता साराच मजकूर लेखनिकाने हाताने उतरायचा होता. गणित करणाऱ्याने बरोबर केलेली घटिका उतरवणाऱ्याच्या डुलकीत चुकली, तर छापलेल्या प्रत्येक घरी ती चुकलेलीच जायची.

आकड्यांच्या या प्रवासाची चीड ज्याला सर्वांत जास्त आली, तो म्हणजे इंग्लंडचा चार्ल्स बॅबेज. १८२१ साली तो आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल ज्योतिषाच्या गणिताची कोष्टके तपासत बसले होते. दोन गणकांनी स्वतंत्रपणे केलेली गणिते ताडून पाहायची, असे ते काम. चुकांमागून चुका निघू लागल्या तेव्हा बॅबेज वैतागून म्हणाला की ही गणिते वाफेवर चालली असती तर किती बरे झाले असते. वैताग सर्वांनाच येतो. बॅबेजने त्यातून यंत्र काढले. ही कोष्टके काही विद्वानांच्या करमणुकीची नव्हती. त्यांच्यावर भरवसा ठेवून समुद्रात जहाजे चालत. एक अंक चुकला तर जहाज कुठे आहे हेच चुकायचे.

बॅबेजच्या यंत्राची कीर्ती गणित करणारे यंत्र म्हणून आहे. मला त्याच्या दूरदृष्टीचे कौतुक वाटते ते दुसऱ्याच कारणासाठी. नुसते उत्तर काढून भागणार नाही, हे त्याने ओळखले. यंत्राने बरोबर उत्तर दिले आणि ते माणसाने उतरून घेतले, कंपॉझिटरने खिळे जुळवले, तर चुकांना दोन दारे उघडीच राहिली. म्हणून यंत्रानेच आपले उत्तर नरम साच्यात ठोकावे, त्या साच्यावरून छपाईचा पत्रा ओतावा, आणि गणितापासून कागदापर्यंत कोणाचाही हात लागू नये, अशी त्याची योजना होती. सरकारने त्यावर सुमारे १७,००० पौंड खर्च केले आणि १८४२ साली हात आखडता घेतला. यंत्र अपुरे राहिले. बॅबेज १८७१ साली वारला तो कडवट मनानेच. त्याच्या दुसऱ्या आराखड्यावरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने यंत्र बांधले; गणिताचा भाग १९९१ साली पुरा झाला आणि छपाईचा २००२ साली. दोन्ही चालतात! माणूस बरोबर होता. काळ मागे होता.

बॅबेजच्या हयातीतच स्वीडनमधल्या शॉइट्झ पितापुत्रांनी तसले एक लहान यंत्र पुरे केले होते. त्याची एक प्रत लंडनच्या जन्ममृत्यू-नोंदणी कार्यालयाने करवून घेतली आणि १८६४ साली निघालेल्या इंग्लंडच्या आयुर्मान-कोष्टकांसाठी ती वापरली. यंत्र लहरी निघाले. त्याने स्वतः पूर्ण जुळवलेली पाने थोडीच. तरीही विम्याचा हप्ता आणि विधवेचे वेतन ज्या आकड्यांवर ठरते, त्यांतले काही का होईना, माणसाच्या हाताशिवाय कागदावर उतरले.

यानंतर बराच काळ ही गोष्ट इथेच थबकली. छायाचित्रावरून जस्ताचे ब्लॉक होऊ लागले आणि आलेख मजकुराच्या शेजारी, त्याच चौकटीत बसू लागले. पण ते काढायचे आरेखकानेच. संगणक आले तेव्हा वाटले की आता सुटलो. १९५९ साली अमेरिकेत कॅलकॉम्प कंपनीचे आलेख काढणारे यंत्र बाजारात आले. रुळावर गुंडाळलेला कागद मागे-पुढे फिरे, लेखणी डावी-उजवीकडे सरके, आणि इंचाच्या शंभराव्या भागाइतक्या बारीक पावलांनी वळणदार रेघ उमटे. गणित यंत्राचे, रेघ यंत्राची. आणि मग? मग कोणीतरी कात्री घेई, आलेख कापी, आणि डिंकाने पानावर चिकटवी. यंत्राने इतका मार्ग चालून आल्यावर शेवटचे चार अंगुळे पुन्हा हाताचेच! माझ्या अहवालातली चूक याच चार अंगुळांत झाली होती.

हे अंतर तोडण्याचा नेमका उपाय न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत निघाला. तिथे जो ओसाना याने १९७३ च्या सुमारास एक अक्षरजुळणीची आज्ञावली लिहिली होती. मजकुरातच खुणा लिहायच्या, म्हणजे यंत्र त्याप्रमाणे पान जुळवून देई. पुढे ब्रायन कर्निघन याने आकृत्यांसाठी एक छोटी भाषा केली, आणि १९८० नंतरच्या वर्षांत जॉन बेंटली व कर्निघन या दोघांनी तिच्यावर आलेखांसाठी आणखी एक रचली. तिचे नाव 'ग्रॅप'. आता लेखकाने आपल्या निबंधात, दोन परिच्छेदांच्या मध्ये, फक्त एवढे लिहायचे की अमुक आकडे घे, आडवी रेघ इतकी, उभी तितकी, आणि आलेख काढ. पान जुळताना आलेख तिथेच काढला जाई. आकड्यांच्या फाइलीत बदल केला की पुढच्या जुळणीत आलेखही बदलला. चित्र म्हणून वेगळी वस्तूच उरली नाही. मजकुराचाच तो एक परिच्छेद झाला.

त्याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, स्टॅनफर्डमध्ये, डोनाल्ड नूथ हे गणिती एका वेगळ्याच दुःखात होते. त्यांच्या संगणकशास्त्रावरील ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ साली जुन्या पद्धतीने, ओतीव खिळ्यांनी, देखणा छापला गेला होता. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली ती नव्या प्रकाश-जुळणीची, आणि ती पाहून त्यांचे मन विटले. वर्षभरात आपणच जुळणीची आज्ञावली लिहू असे त्यांनी ठरवले. वर्षाची दहा झाली. पण त्यातून 'टेक' ही जुळणीची पद्धत आणि अक्षरे घडवणारी 'मेटाफॉन्ट' ही तिची बहीण जन्माला आली. आज जगभरचे गणिताचे लिखाण मुख्यतः टेकच्या साच्यातून निघते. आपल्या ग्रंथांत चूक दाखवणाऱ्याला नूथ २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश देत. आणि लोक तो बँकेत न भरता चौकटीत लावून भिंतीवर टांगत. मराठीला या पंक्तीत पान मिळाले ते १९९१ च्या सुमारास. नेदरलँड्समधले फ्रान्स वेल्थुइस यांनी मेटाफॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे घडवली आणि टेकला आपली लिपी जुळवता येऊ लागली.

पण टेकला चित्र काढता येत नसे. त्याला चित्राची फक्त लांबी-रुंदी समजे. तेवढी जागा तो कोरी सोडी आणि 'इथे अमुक चित्र आण' असा निरोप छपाईयंत्राला धाडी. जुना कंपॉझिटर ब्लॉक यायचा असला की चौकटीत लाकडी ठोकळा घालून जागा राखून ठेवी, तसेच हे. पुढे पोस्टस्क्रिप्ट नावाची पान वर्णन करण्याची भाषा १९८४ साली आली, आणि ही कोरी जागा भरणे सोपे झाले. तरी आकृती बाहेरूनच यायची. आणि बाहेरून येणारी वस्तू शिळी असू शकते.

नूथ यांच्या दुसऱ्या एका कल्पनेने इथे हात दिला. १९८४ साली त्यांनी असे मांडले की आज्ञावली ही आधी माणसाने वाचण्यासाठी लिहावी, निबंधासारखी. यंत्राने तिच्यातून आपल्यापुरते वेचून घ्यावे. त्यांच्या पद्धतीत दोन कामे असत. एक त्या लिखाणातून वाचनीय पान 'विणी'. दुसरे त्याच लिखाणाचा यंत्राला कळणारा 'गुंता' करी. मागाची ही उपमा पुढे टिकली. २००२ साली फ्रिडरिश लाइश या ऑस्ट्रियन संख्याशास्त्रज्ञाने संख्याशास्त्राची 'आर' ही भाषा आणि टेक यांची गाठ घातली आणि तिला 'स्वीव्ह' असे नाव दिले. 'आर'ची पूर्वज असलेली 'एस' ही भाषा, अधिक इंग्रजीतले विणणे. दहा वर्षांनी यीह्वे शिए यांनी तिची सुधारलेली आवृत्ती काढली. तिचे 'निटर' हे नाव सुयांवरच्या विणकामाचे.

या विणकामात होते काय, ते घरगुती उदाहरणाने सांगतो. समजा, आपल्याला गावच्या पावसावर लेख लिहायचा आहे. लेखात आपण वाक्ये लिहितो आणि मधूनमधून काही ओळी यंत्रासाठी लिहितो: पावसाची नोंदवही उघड, दर महिन्याची बेरीज कर, स्तंभ काढ. "यंदा एकूण पाऊस इतका झाला" या वाक्यातला आकडाही आपण स्वतः लिहीत नाही. तिथे 'बेरीज इथे मांड' अशी खूण करतो. लेख जुळवायला दिला की यंत्र प्रथम नोंदवही वाचते, गणिते करते, आलेख काढते, वाक्यातल्या रिकाम्या जागा भरते, आणि मग सारे पान टेककडून जुळवून घेते. नोंदवहीत श्रावणातला एक दिवस दुरुस्त करा. वाक्य, तक्ता आणि आलेख तिघेही एकदम सुधारतात. आलेखावरची महिन्यांची नावेही मजकुराच्याच वळणाची, हवी तर मराठीत. एकाला कळले आणि दुसऱ्याला कळले नाही, हा प्रकारच उरत नाही.

हे सर्व सोयीसाठी, असे कोणी म्हणेल. स्टॅनफर्डचे भूगर्भशास्त्रज्ञ जॉन क्लेअरबाउट यांनी ते नीतीच्या अंगाने पाहिले. भूगर्भातल्या थरांची चित्रे काढणे हे त्यांच्या विद्यार्थ्यांचे काम. अनुभव असा की विद्यार्थी पदवी घेऊन गेला की त्याची आकृती पुन्हा कोणाला काढता येत नसे. कित्येकदा काही महिन्यांनी त्याची त्यालाच येत नसे. म्हणून १९९० च्या सुमारास त्यांनी प्रयोगशाळेचा दंडकच घातला: प्रबंधातली आकृती तिच्या आज्ञावलीसह ठेवायची, आणि आकृतीखाली खूण करायची की ही सहज पुन्हा काढता येते, कष्टाने येते, की येतच नाही. आपल्याच आकृतीखाली 'पुन्हा काढता येत नाही' असे लिहिताना विद्यार्थ्याच्या मनाची काय अवस्था होत असेल! पण ते लिहायला लावणे हेच खरे शिक्षण.

या शिस्तीवाचून काय घडते, याचा दाखला अमेरिकेतच लौकर मिळाला. २००६ साली ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी एक मोठी आशादायक गोष्ट प्रसिद्ध केली: गाठीतल्या जनुकांची मोजमापे पाहून कोणत्या कर्करोग्याला कोणते औषध लागू पडेल ते आधीच सांगता येते. सुंदर आकृत्या होत्या. टेक्सासमधल्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातील डॉक्टरांना ती पद्धत हवी होती. म्हणून तिथले संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स ती समजून घ्यायला बसले. आकृत्या होत्या, आकडे होते. आकड्यांपासून आकृतीपर्यंत कसे आले तो मार्ग मात्र लिहिलेला नव्हता. तो त्यांनी उलट दिशेने खणून काढला. काय सापडले? यादीतली जनुकांची नावे एका ओळीने सरकलेली. काही औषधांच्या बाबतीत 'लागू पडते' आणि 'पडत नाही' या खुणांची अदलाबदल. वाण्याच्या वहीत एक ओळ खाली घसरावी, तेवढीच चूक. पण ती धरून औषध दिले तर जे उपयोगी नाही तेच रोग्याच्या वाट्याला यायचे.

आणि तोवर, २००७ पासून, त्या पद्धतीच्या आधारे खऱ्या रोग्यांवर चाचण्या सुरूही झाल्या होत्या. या दोघांचा लेख २००९ साली प्रसिद्ध झाला. चाचण्या थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१० साली कायमच्या बंद झाल्या. शंभरावर माणसे त्यांत सामील झालेली होती. लेख मागे घेतले गेले. पुढे २०१५ साली सरकारी चौकशीचा निष्कर्ष आला की त्या संशोधनात नुसती घसरण नव्हती, आकड्यांत खोटेपणाही होता. बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी या अनुभवानंतर आपले अहवाल स्वीव्हमध्ये लिहिण्याचा नेम केला. आपण आकृतीपर्यंत कसे आलो ते कोणालाही पाहता यावे म्हणून.

तेव्हा यंत्राने विणलेला आलेख खोटे बोलू शकत नाही, असे मी म्हणणार नाही. खोटा आकडा दिला तर यंत्र त्याचे चित्र तितक्याच नेटकेपणे काढील. शिवाय या विणकामालाही कसर लागते. दहा वर्षांपूर्वीची आज्ञावली आजच्या यंत्रावर पुष्कळदा चालत नाही, आणि प्लेफेअरची तांब्यावरून छापलेली पाने मात्र अजून वाचता येतात. यंत्राने एकच केले: आकडा आणि आकृती यांच्यामधला मार्ग झाकलेला होता, तो उघडा ठेवता येईल असा केला. घसरण झाली असेल तर दुसऱ्याला ती जागा दाखवता येते. लबाडी असेल तर तिला दडायला अडगळीची खोली कमी मिळते. मार्ग उघडा ठेवायचा की नाही, हे अजून माणसाच्याच हाती आहे.

त्या संस्थेचा पुढचा अहवालही माझ्याकडेच आला. हिशेबनिसांच्या पुतणीने, ती तेव्हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती, तक्ता आणि आलेख दोन्ही काकांच्या हिशेबाच्या फाइलीतूनच निघतील अशी व्यवस्था करून दिली होती. छापायला जाण्याच्या आदल्या रात्री एक पावती उशिरा आली. काकांनी आकडा घातला, पुतणीने कळ दाबली, आणि आम्ही तिघे पडद्याकडे पाहत बसलो. तक्त्यातली बेरीज बदलली. शेजारचा स्तंभ केसभर उंच झाला. काका चष्मा वर करून बराच वेळ त्या स्तंभाकडे पाहत होते. मग म्हणाले, "त्या मास्तरांना सभेचं निमंत्रण आठवणीनं पाठवा हं."